रात्रपाळीला कोण असतं?



आपल्या मेडिकल कॅटेगरीचं ‘शेप’ सगळ्यांना पाठ आहे. एच कानाचा, ए हातापायांचा, पी शरीराचा, ई डोळ्यांचा. पण पहिलं अक्षर ‘एस’, आणि तो मनाचा. गुडघ्याची कॅटेगरी लागली तर जवान लंगरच्या रांगेत सगळ्यांना सांगतो. ‘एस’ लागली तर बायकोलाही सांगत नाही. आज त्या ‘एस’विषयी लिहितोय. त्यातही डॉक्टरांविषयी नाही, नर्सविषयी.

तेव्हा मी हवालदार होतो. युनिट अरुणाचलात, उंचावर. आमच्या कंपनीत गडहिंग्लजकडचा एक पोरगा होता, वय चोवीस. कामाला चोख, बोलायला कमी. एका थंडीत त्याची झोप गेली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. मग म्हणायला लागला, वायरलेस सेटवर माझ्याबद्दल बोलतात. आरएमओ साहेबांनी त्याला खाली मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं आणि एस्कॉर्ट म्हणून मला सोबत दिलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

मनोविकार वॉर्ड मी पहिल्यांदाच पाहिला. दाराला कुलूप. पट्टा, बुटांच्या नाड्या, दाढीचं पातं, सगळं आत जाताना जमा. माझं काम एवढंच, त्याच्या खाटेशेजारी बसायचं. बसून बसून एक गोष्ट ध्यानात आली. डॉक्टर साहेब सकाळी येत, संध्याकाळी येत. माणूस भला, पण चाळीस पेशंट आणि ते एकटे. आमच्या पोराच्या वाट्याला दिवसाची दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ नर्स.

तिसऱ्या दिवशी आवाज कमी झाले. मला हायसं वाटलं. पण त्याच रात्री पोरगं बिथरल्यासारखं करायला लागलं. खाटेवर बसायचं, उठायचं, चार पावलं चालायचं, परत बसायचं. उभं राहिलं तरी जागच्या जागी पाय हलवत राहायचं, जणू मार्क टाइम चाललंय. रात्रपाळीच्या सिस्टरनी पाहिलं, वहीत लिहिलं ‘रुग्ण अस्वस्थ, आक्रमक होण्याची शक्यता’, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेलं गरजेपुरतं इंजेक्शन दिलं. थोडा वेळ गुंगी आली. पहाटे पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त. मी मनात म्हटलं, आजार चढला. युनिटला फोन करून तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या रात्री पाळी बदलली. आल्या त्या कॅप्टन मॅडम केरळच्या. त्यांनी आधी चार्ट वाचला. मग स्टूल ओढून पोराच्या समोर बसल्या आणि त्याला एकच प्रश्न विचारला. घाबरल्यासारखं मनात होतंय की पायांत?

पोरगं म्हणालं, “पायांत, मॅडम. मन शांत आहे. पाय ऐकत नाहीत.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “हवलदार साहब, ये बीमारी नहीं है, दवाई है.”

त्यांनी मला समजेल अशा हिंदीत सांगितलं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी आवाज थांबतात, पण काही रुग्णांना पायांत असा अस्वस्थपणा येतो. त्याला अकॅथिशिया म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आजार वाढला. मग तेच औषध आणखी दिलं जातं आणि त्रास दुप्पट होतो. हा त्रास असह्य झाला की माणूस जिवाचं बरंवाईटही करून घेऊ शकतो. पट्टा आणि नाड्या आम्ही काढून घेतल्या होत्या, पण त्याला जो त्रास होत होता तो आम्हीच सुईतून देत होतो.

मॅडमना औषध बदलण्याचा अधिकार नव्हता. पुढचं इंजेक्शन थांबवून त्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते तरुण, दुसऱ्या विभागाचे. मॅडमनी औषधाची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ चार्टवर शेजारी शेजारी दाखवली. त्यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. मात्रा कमी झाली, पायांसाठी एक गोळी सुरू झाली. तिसऱ्या रात्री पोरगं सलग सहा तास झोपलं. मीही झोपलो, एस्कॉर्टनं झोपायचं नसतं तरी.

आदल्या रात्रीच्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिनं हाताखालच्या सगळ्या रुग्णांचं मनापासून केलं. नर्सिंगच्या मूळ शिक्षणात मानसिक आजारांचा एक विषय असतो, काही आठवडे वॉर्डातले असतात, आणि तेवढ्या पुंजीवर तिला कुलूपबंद वॉर्डात उभं केलं होतं. कॅप्टन मॅडमनी मात्र बी.एस्सी. नर्सिंगनंतर मानसोपचार नर्सिंगमध्ये दोन वर्षांची एम.एस्सी. केली होती. मी विचारलं, तुमच्यासारख्या किती? त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्याबरोबर शिकलेल्या बहुतेक जणी कॉलेजात शिकवतात, वॉर्डात राहिलेली मीच. सहा महिन्यांनी कळलं, त्यांचीही बदली सर्जिकल वॉर्डात झाली.

हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे रांचीला पोस्टिंग आली तेव्हा एका रविवारी कांकेला जाऊन आलो. तिथली केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था १९१८ साली इंग्रजांनी युरोपीय रुग्णांसाठी उभारली. आज तिथे देशभरातून डॉक्टर आणि नर्स शिकायला येतात. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि आसामात तेजपूरच्या लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई संस्थेतही मानसोपचार नर्सिंगचं उच्च शिक्षण मिळतं. एक वर्षाची पदविका आहे, दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, पुढे पीएच.डी.ही आहे. म्हणजे शिक्षण देशात नाही असं नाही. शिकून वर आलेल्या नर्सला परत खाली, रुग्णाच्या खाटेपाशी आणणारी वाट नाही. एम.एस्सी. झाली की पगार आणि मान वर्गात. वॉर्डात तिच्यासाठी वेगळं पद नाही, वेगळा अधिकार नाही, आणि बदली आली की तिचं शिक्षण ट्रंकेत.

आता कायदा पाहा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चांगला आहे, रुग्णाचे हक्क त्यात ठळक आहेत. एखाद्या रुग्णाची स्वतः निर्णय घेण्याची अवस्था नसेल आणि त्याला दाखल करायचं असेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे असं त्यात आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि दुसरा डॉक्टर किंवा नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिक. या व्यावसायिकांत मानसिक आरोग्य परिचारिकाही येते. म्हणजे एखाद्या माणसाला कुलपाआड ठेवायचं की नाही, यात तिचं मत कायद्यानं मोजलं जातं. केवढी मोठी जबाबदारी! पण मानसिक आरोग्य परिचारिका कोण, याची त्याच कायद्यातली व्याख्या वाचा. मानसोपचार नर्सिंगची पदविका किंवा पदवी चालते, आणि नुसती सर्वसाधारण नर्सिंगचीही चालते. आपल्याकडे एलएमजी हातात द्यायच्या आधी कोर्स करावा लागतो. इथे अधिकार आधी दिला आणि कोर्स ऐच्छिक ठेवला.

अमेरिकेत याचं उत्तर वेगळ्या प्रकारे काढलं आहे. कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम निघाला. आज तिथे मानसोपचाराची नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर आधी नोंदणीकृत नर्स असावं लागतं, मग पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट. त्यात शरीरातले बिघाड, रुग्णाची तपासणी आणि औषधशास्त्र हे तीन विषय वरच्या पातळीवर शिकावेच लागतात. शिवाय किमान ५०० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण, आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. त्यानंतर ती निदान करते, औषध लिहिते; काही राज्यांत स्वतंत्रपणे, काही राज्यांत डॉक्टरांशी करार करून. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतल्या नर्स प्रॅक्टिशनरांना पूर्ण अधिकारानं काम करू द्यायचा नियम काढला, राज्याचा कायदा आड येत असला तरी. माजी सैनिकांची रांग लांब होती, त्यांना थांबवून ठेवणं परवडणारं नव्हतं.

आपली रांग लहान आहे का? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ लवकर तयार होणार नाहीत. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष सुरू झाला. तो नंबर जरूर जवळ ठेवा. पण फोनवरून आवाज ऐकू येतो, मार्क टाइम करणारे पाय दिसत नाहीत.

यावर डॉक्टर मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. एका मेजर डॉक्टर साहेबांशी मी यावर तासभर बोललो. ते म्हणाले, औषध लिहिणं म्हणजे नाव लिहिणं नव्हे. लिथियम चालू असेल तर रक्त तपासावं लागतं, थायरॉइड आणि मूत्रपिंड बघावं लागतं. अर्धवट शिकलेल्याच्या हातात पेन गेलं तर नुकसान रुग्णाचं. बरोबर आहे, आणि मी अर्धवट शिक्षणाची बाजू मांडतच नाही. मी म्हणतो पूर्ण शिकवा, परीक्षा घ्या, आणि मगच द्या. पहिल्याच दिवशी स्वतंत्र प्रिस्क्रिप्शनही मागत नाही. ठरलेल्या नियमावलीत राहून चालू औषध पुढे देणं, दुष्परिणाम दिसला की पुढचा डोस रोखणं, तपासण्या लिहिणं, रुग्णाच्या घरच्यांशी बोलणं, धोका दिसला की तज्ज्ञांना उठवणं. सुरुवात एवढ्यावर करा.

आणि हे आपल्या देशात अगदीच नवं नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्याचा भर वॉर्डातल्या कामावर आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी जे सुचलं, ते रात्रभर येरझाऱ्या घालणाऱ्या रुग्णासाठी का सुचू नये? २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदाही केला आहे. ही मागणी मांडायची तर याच वेळी.

माझ्या मागण्या तीन. मानसोपचारातला नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम सुरू व्हावा. जी नर्स हे शिक्षण घेईल तिला वॉर्डात स्वतंत्र पद आणि त्याप्रमाणे पगार मिळावा, आणि सैन्यदलांत तिची बदली एका मनोविकार वॉर्डातून दुसऱ्या मनोविकार वॉर्डातच व्हावी. आणि ईसीएचएस पॉलिक्लिनिकांत, जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही तिथे, आठवड्यातून निदान दोन दिवस अशी प्रशिक्षित नर्स बसावी. पेन्शनवर आल्यावर दारूत बुडालेले, झोप गमावलेले, नाव विसरायला लागलेले आपले सोबती तुम्हीही पाहिले असतील. ते मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जाणार नाहीत. रक्तदाबाची गोळी घ्यायला पॉलिक्लिनिकात मात्र महिन्याला येतात.

आमचा पोरगा काही महिने ‘एस’ कॅटेगरीत राहिला, मग कामावर परतला. पुढे पूर्ण नोकरी करून पेन्शनवर गेला. आता गावी चार म्हशी आहेत, सोसायटीत दूध घालतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. दर वेळी विचारतो, “साहेब, त्या मॅडम कुठं असतात आता?” मला पत्ता माहीत नाही. पण पुढच्या सैनिक मेळाव्यात मेडिकलचे साहेब व्यासपीठावर असतील, तेव्हा दातांच्या दवाखान्याबरोबर हाही प्रश्न विचारा: आपल्या मनोविकार वॉर्डात रात्रपाळीला कोण असतं, आणि तिला काय शिकवलं आहे?

जय हिंद.