गळा वायां गेला काय?

मुलुंडच्या एका स्नेह्यांची इमारत पुनर्बांधणीसाठीं पाडावयाची होती. आवराआवरींत जुन्या तबकड्यांची पेटी निघाली आणि तींत जी. एन. जोशी यांची 'शीळ' सांपडली. स्नेही हळहळले, "अहो, एवढा गळा! आणि नोकरींत वायां घालविला." सुशिक्षितांच्या तोंडून हें मत आम्हीं अनेकदां ऐकिलें आहे. आम्हांस तें नुसतें चुकीचें नव्हे, कृतघ्नपणाचें वाटतें.

ना. घ. देशपांडे यांची ती कविता कायद्याच्या या पदवीधरानें गाइली आणि भावगीत घरोघर पोंचलें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु १९३८ सालीं जोशी 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनींत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले, कीं आमच्या रसिकांच्या लेखीं गायक संपला व कारकून उरला! तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें. तासभर ख्याल रंगविणाऱ्या गवयास तेवढ्यांत बसवावयाचें. विस्तार कोठें आवरावयाचा, तान किती ठेवावयाची, याचा विचार कारकुनाच्या कानानें होतो काय? स्वतः गाणाऱ्यासच त्या कात्रींतील दुःख कळतें. कंपनी व्यापारी होती आणि त्या तीन मिनिटांनीं ख्यालाची ओढाताण झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या तबकड्या नसत्या, तर ज्या गवयांच्या बैठकीचें दार आमच्या आजोबांस कधींच उघडलें नसतें, ते आमच्या माजघरांत आले असते काय?

पुढें दीर्घ तबकडी आली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'चे निर्माते जोशीच. शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. यांपैकीं संतूर व गिटार हीं वाद्यें सोंवळ्या रसिकांस तेव्हां रागदारीच्या पंक्तीस नकोच होतीं. त्यांतून काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस उभा राहिला व परदेशींहि ऐकला गेला. बीटल्सच्या पाठीमागचे जॉर्ज मार्टिन आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतात. जोशांचें नांव विचारा, वर्ग गप्प! दोष मुलांचा नव्हे. आमच्या समीक्षकांनीं गायकांवर ग्रंथ लिहिले, पण गाणें टिपून ठेवणाऱ्याचा विचारच केला नाहीं. अखेर जोशांनाच आपल्या आठवणी लिहाव्या लागल्या. त्यांचें 'डाऊन मेलडी लेन' १९८४ सालीं निघालें.

ती पेटी भंगारांत जाऊं न देतां आम्हीं अंधेरीस आणिली आहे. 'शीळ'वर गायक म्हणून जोशांचें नांव छापलेलें आहे. उरलेल्या बावीस तबकड्यांपैकीं एकीवरहि तें नाहीं; त्यांतल्या किती त्यांच्या हातून झाल्या, हें तबकडीवरून कळावयास मार्ग नाहीं.