चाकं नकोत, पाय लावा!



सध्या आपल्या शाळांमध्ये 'रोबोटिक्स' हा शब्द जोरात आहे. कुठल्यातरी कंपनीची माणसं येतात, चकचकीत डबा उघडतात आणि दोन तासांत मुलांकडून चार चाकांची गाडी जोडून घेतात. फोटो निघतात, ग्रुपवर पडतात आणि डबा परत जातो. मुलं खूश असतात, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाला विचारून बघा, "बाळा, गाडी पुढं का गेली?" उत्तर येतं, "सर, मोटर होती म्हणून." बस्स, विषय संपला!

माझं स्पष्ट मत आहे की, पाचवी ते सातवीच्या मुलांना यंत्रं कशी चालतात हे शिकवायचं असेल तर चाकांची गाडी करूच नका. पायांनी चालणारा रोबो करा, आणि तोही सुट्या सामानातून.

यावर काही जण म्हणतील, याला रोबो कशाला म्हणायचं? ना सेन्सर, ना प्रोग्रॅम. बरोबर आहे, काटेकोर अर्थाने तो रोबो नाहीच. मुलं त्याला रोबो म्हणतात म्हणून मीही म्हणतो. आपल्याला शिकवायचं आहे ते यंत्रशास्त्र, नाव काही का असेना.

आता पायच का? चाक लावलं की प्रश्न पडायला जागाच उरत नाही. मोटर गोल फिरते, चाक गोल फिरतं, गाडी जाते. पाय लावायचे म्हटलं की पहिल्याच मिनिटाला मुलं अडतात. मोटर तर गोल फिरते, पाय मात्र पुढं-मागं आणि वर-खाली जायला हवा. मग गोल फिरण्यातून चालणं काढायचं कसं? इथे लगेच उत्तर देऊ नका. घरातलं पायाने चालवायचं शिवणयंत्र आठवायला सांगा. पाय खाली-वर होतो आणि चाक गोल फिरतं. मग सुई परत खाली-वर होते. एकाच यंत्रात दोन्ही गोष्टी! सायकलचं पेडलही तेच. आसापासून थोडं बाजूला धरून फिरवायचं, म्हणजेच क्रँक.

हा प्रश्न पोरखेळ नाही बरं का. रशियन गणितज्ञ चेबिशेव यांनी केवळ दांड्या आणि सांधे वापरून चालणारं यंत्र बनवलं होतं आणि ते 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं. नेदरलँड्सचे थिओ यान्सेन 1990 पासून प्लास्टिकच्या नळ्यांचे, वाऱ्यावर चालणारे प्राणी समुद्रकिनाऱ्यावर बनवत आहेत. आणि आपल्याकडे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता आहेतच. सामान स्वस्त असलं म्हणून विज्ञान हलकं होत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

सामान फार लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळ्या डबीतली गिअरची मोटर मिळते, दुकानदार तिला 'बीओ मोटर' म्हणतात. दोन्ही बाजूंना आस बाहेर आलेली मागा. चार पेन्सिल सेल, सेलचा डबा, आईस्क्रीमच्या काड्या, जाड पुठ्ठा, तार, छोटे नट-बोल्ट. भोकं पाडणं आणि ग्लू गन हे काम मोठ्या माणसाने करायचं. घरच्या वीजजोडणीला किंवा मोबाईलच्या बॅटरीला हात लावायचा नाही, आणि सेलची दोन टोकं वायरने थेट जोडायची नाहीत, वायर तापते. एवढी शिस्त पहिल्या दिवशीच लावा.

एक मोटर खोलण्यासाठी राखून ठेवा. डबीत लहान-मोठी दातेरी चाकं दिसतात. नेहमी मिळणाऱ्या प्रकारात आतली मोटर 48 वेळा फिरते तेव्हा बाहेरचा आस एकदा फिरतो. मुलांना दाते मोजू द्या, गुणोत्तर आपोआप फळ्यावर येईल. मग खेळण्यातली साधी मोटर बोटाने थांबवायला सांगा, चटकन थांबते. पिवळी तशी थांबत नाही. वेग सोडला आणि जोर मिळवला, हा व्यवहार बोटाला कळतो.

पुढची जोडणी अशी. आसाच्या दोन्ही टोकांना एकेक चकती घट्ट बसवायची. चकतीत मध्यापासून 1, दीड आणि 2 सेंटीमीटरवर भोकं. त्यातल्या एकात बोल्ट घालून त्यावर काडीचा पाय अडकवायचा, सैलसर. काडीचं वरचं टोक अंगाला लावलेल्या तारेच्या कडीतून वर-खाली सरकेल असं ठेवायचं. मागे शेपटीसारखा टेकू. झालं.

पण खरा पाठ इथून पुढे आहे, कारण पहिल्यांदा तो चालतच नाही. दोन्ही बोल्ट एकाच बाजूला आले की बेडकासारखा धडपडतो. एक चकती उलटी फिरवून बसवली की पाय आळीपाळीने पडू लागतात. बोल्ट 2 सेंटीमीटरच्या भोकात घातला की पाऊल लांब पडतं, पण मोटर कण्हायला लागते. आधार वरच्या कडीत, जोर मधल्या बोल्टवर, काम खालच्या टोकाला. म्हणजे हा पाय तिसऱ्या प्रकारची तरफ झाला, आपल्या चिमट्यासारखी! सहावीच्या 'साधी यंत्रे' या पाठात व्याख्या वाचून जे डोक्यावरून जातं, ते इथे हातात असतं.

सेलचा डबा शेपटीकडे ठेवला तर पाय जागच्या जागी खरवडतात. तोच डबा पायांवर सरकवा, जमीन पकडतात. फार पुढे नेला तर तोंडावर आपटतो. गुरुत्वमध्य शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी सापडलं नाही. फरशीवर पाय घसरतात म्हणून मुलं ट्यूबच्या रबराचे तुकडे चिकटवतात, आणि हौसेने शेपटीलाही चिकटवतात. मग गडी हलत नाही! पायाला घर्षण हवं आणि शेपटीला नको, हे ज्याचं त्याला उमगतं. त्या वेळी आपले हात पाठीमागे बांधून ठेवा. "आण इकडे" म्हणून आपणच नीट करून दिलं, तर शिकलो आपण.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. वाचन-गणिताची उद्दिष्टं, ऑनलाइन माहित्या, सगळं मलाही आहे. मला सात-आठ तासिका लागतात आणि त्यातल्या निम्म्या मी गणिताच्या धरतो. मोजमाप, गुणोत्तर, वेळ लावून अंतर काढणं, हे सगळं त्यात होतंच की. साधनांचं म्हणाल तर अटल टिंकरिंग लॅबचं वीस लाखांपर्यंतचं अनुदान सहावी ते बारावीच्या शाळांसाठी आहे. आपल्या चौथी-पाचवीच्या शाळेला तिथून काही यायचं नाही. वाट बघण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. गट पाडले की स्क्रू ड्रायव्हर मुलग्यांच्या हातात जातो आणि वही मुलींकडे, "तुझं अक्षर छान आहे, तू लिही" म्हणून. कोणी ठरवून करत नाही, तरी दर वेळी हेच होतं. ज्या मुलीने सात तासिका फक्त निरीक्षणं लिहिली तिच्या हाताला नटाचा पेच कधी कळणार? म्हणून माझ्याकडे दर दहा मिनिटांनी काम बदलतं. घंटा वाजली की हातातलं द्यायचं, अर्धवट असलं तरी. सुरुवातीला मुलगे कुरकुरतात. कुरकुरू द्या. आणि वाचनाच्या तासाला मान खाली घालून बसणारं पोर इथे "डबा पुढं घे की!" असं ठणकावून सांगतं. त्याने त्याचं वाचन सुधारतं असा दावा मी करणार नाही. पण वर्ग त्याच्याकडे वळून बघतो, हे मी पाहिलेलं आहे.

रोबो चालायला लागला की पुढचा प्रश्न हमखास येतो: "सर, हा वळत का नाही?" एकच मोटर दोन्ही पाय फिरवते, वळणार कसा? माझ्या पाचवीने दोन मोटरी मागितल्या आहेत. या महिन्यात आणायच्या आहेत, तोवर त्यांनी कागदावर आकृती काढायला घेतली आहे.