वेग आणि घाई

कोर्टनी सोलोमन यांचा ‘गेटअवे’ (२०१३) वाईट आहे, एवढे म्हणून थांबता आले असते. पण ‘पाठलागपटाकडून आणखी कसली अपेक्षा करायची?’ हा अशा चित्रपटांचा ठरावीक बचाव मला मान्य नाही.

नाताळातले सोफिया शहर. पत्नीचे अपहरण झालेला माजी शर्यतपटू (ईथन हॉक) फोनवरच्या अनोळखी आवाजाच्या हुकुमाने मोटार पळवतो आहे. कल्पना नामी आहे. मात्र दिग्दर्शक एकही दृश्य डोळ्यांत ठरू देत नाही. पाठलाग करणारे किती अंतरावर आहेत हे उमगण्याआधीच कट! अंतर कळल्याशिवाय धोका कळत नाही आणि धोका कळला नाही, तर वेग निरर्थक ठरतो.

पीटर येट्स यांचा ‘बुलिट’ (१९६८) आठवावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो सुमारे दहा मिनिटांचा पाठलाग! मारेकरी शांतपणे सीटबेल्ट लावतो, संगीत थांबते, उरतो तो इंजिनांचा आवाज. संकलक फ्रँक केलर यांना त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. कट तिथेही आहेतच. पण ते प्रेक्षकाला वाट दाखवतात, चकवत नाहीत.

गंमत अशी, की ‘गेटअवे’च्या अखेरीस पहाटेच्या उजेडात पाठलागाचे एक दीर्घ, अखंड दृश्य आहे. तेवढा वेळ आपण श्वास रोखून बसतो. म्हणजे दिग्दर्शकाला हे येत होते. प्रेक्षकाच्या नजरेवर त्याचा विश्वास नव्हता. अज्ञान क्षम्य असते. हा अविश्वास नाही.