एसओपीत रडगाणे नको, हिशेब मांडा

रे रोड स्टेशनवरून दारूखान्याच्या अंगाने गेलो की भंगारातल्या लोखंडाचा वास येतो. पुढे कौला बंदर. तिथल्या एका मुलीने परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेला एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, मला वाचायला दिला. विषय सार्वजनिक आरोग्य. दीड पान झोपडी, वडिलांची हमाली, आईचे अश्रू. 'संघर्ष' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा होता. तिला काय शिकायचे आहे आणि का, याला शेवटच्या चार ओळी.

"हे तूच लिहिलंस?"

"दादा, क्लासवाले सर म्हणाले, फॉरेनवाल्यांना स्टोरी लागते. जेवढं दुःख जास्त तेवढा चान्स जास्त."

माझा राग मुलीवर नाही. पण फी घेऊन आमच्या पोरांना हे शिकवले जाते याचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी जोहार घालणे सोडले. आता नातवंडांनी तोच जोहार इंग्रजीत, छापील अक्षरांत घालायचा? काही मित्र म्हणतात, अरे, ही स्ट्रॅटेजी आहे, ॲडमिशन मिळाल्याशी मतलब. मला हे पटत नाही. तुमच्यासारखेच दुःखाचे अर्ज निवड समितीपुढे ढिगाने येतात. त्यांना बघायचे असते की हा अभ्यास या माणसाला पेलेल का, आणि त्याच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे का.

याच्या उलट दुसरी चूकही आपली मुले करतात. जात लपवतात. 'मध्यमवर्गीय कुटुंबातून आलो' असे लिहितात, आणि मग जातीवर केलेल्या कामाचा उल्लेख कुठे करायचा ते त्यांना कळत नाही.

यावर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. छोटी पुस्तिका आहे, एका संध्याकाळी वाचून होते. तीही परदेशी वाचकाला समोर ठेवूनच लिहिलेली आहे, कारण अस्पृश्यता प्रत्यक्षात कशी पाळली जाते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. मुले वडिलांना भेटायला निघतात, साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरतात. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. निघाल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेलेच नसते, त्यामुळे न्यायला कोणी येत नाही. कपडे पाहून स्टेशनमास्तरला वाटते ब्राह्मणाची मुले असतील. महार आहोत म्हटल्यावर तो मागे सरतो. शेवटी बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्याने, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे या अटीवर. बाबासाहेब रडत नाहीत. वेळ सांगतात, भाडे सांगतात, कोण काय बोलले ते सांगतात. दुप्पट भाडे वाचल्यावर निष्कर्ष वाचक आपणच काढतो. पुढे हीच पुस्तिका कोलंबिया विद्यापीठात अभ्यासली गेली.

मग मी त्या मुलीला विचारले, तुमच्याकडे पाणी कुठून येते? तिने सांगितले ते तिच्या एसओपीत कुठेच नव्हते. जमीन पोर्ट ट्रस्टची, केंद्र सरकारची. त्या सबबीवर पालिकेचा नळ नाही. माणसे खाजगी पाइपवाल्याकडून पाणी विकत घेतात. कुठल्या दिवशी किती पैसे गेले ते तिची आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, गेली चार वर्षे. अगं, ही तुझी सामग्री! पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की वस्ती बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. हा निकाल आणि आईचे कॅलेंडर यांच्यामधले जे अंतर आहे, तोच तुझा संशोधनाचा प्रश्न. नवा मसुदा कॅलेंडरपासून सुरू झाला. वडिलांची हमाली त्यातही आहे, पण एका वाक्यात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. चांगला निबंध लिहिला म्हणजे दार उघडलेच असे नाही. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. म्हणजे जातीवर परदेशात संशोधन करायचे तर सरकार पैसे देणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो विषय बसला असता का, हे सरकारला विचारायला हवे. म्हणून अर्ज भरण्याआधी शिष्यवृत्तीची अपात्रतेची कलमे वाचा. फक्त जाहिरात वाचून कामाला लागू नका.

आणि चॅटजीपीटीकडून अख्खा निबंध लिहून घेऊ नका. व्याकरण तपासून घ्या हवे तर. त्याला तुमच्या आईचे कॅलेंडर माहीत नाही.

रविवारी संध्याकाळी सहानंतर मी विहारात असतो. मसुदा छापून आणा, मोबाईलवर वाचायला माझे डोळे साथ देत नाहीत. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना आजच विचारून ठेवा, ते शेवटच्या आठवड्यात सापडत नाहीत.

जय भीम.