सूर्य मावळायच्या आत घर गाठताना

मागच्या डिसेंबरात आम्ही कोल्हापूरहून सांगलीला परतत होतो. साडेपाच वाजून गेले होते. सासूबाईंचा रात्रिभोजनत्याग, माझाही. मी ह्यांना दोनदा म्हटलं, "अहो, जरा दामटा ना गाडी, सूर्य मावळेल." हातकणंगल्याच्या पुढे एकदम समोर उसाची डबल ट्रॉली. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. ब्रेक कचकन लागला, पिशवीतली संत्री पायाशी घरंगळली, आम्ही वाचलो. सासूबाई णमोकार म्हणू लागल्या. मी गप्प. "दामटा" हा शब्द माझा होता.

घरी शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुण्याई म्हणून वाचलात." कुणी गेलं की आपण तसंच म्हणतो, कर्माचा उदय. मला हे पटेनासं झालंय. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाला धरून केली आहे, आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मग पाणी गाळून पिणाऱ्या आपण स्टिअरिंगसमोरचा बेसावधपणा नशिबाच्या खात्यावर कसा टाकतो?

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण आहे, आणि सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात झालेत. म्हणजे हिवाळ्यात आपण नेमक्या ज्या वेळी घाई करतो ती वेळ. या घाईचा हिशोब मी वहीत मांडून पाहिला. शेवटच्या २० किलोमीटरवर साठऐवजी ऐंशीच्या वेगाने गेलं तर वाचतात ५ मिनिटं. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर मात्र चौपट लागतं.

अर्थात कागदावर "अतिवेग" लिहिणं सोपंही असतं. त्या ट्रॉलीला दिवा नव्हता, तो कुणाचा प्रमाद? पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर पुन्हा पुन्हा अपघात होतात. डिझेल वाचवायला काही ट्रकचालक गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग ब्रेकवरच सगळा भार येतो. चूक चालकाची खरीच, पण तो उतार आखणाऱ्याची काहीच नाही का? उसाच्या ट्रॉलीवालाही खेपांवर पोट भरतो. कर्णे लावायला त्याच्याकडे पैसे असतात, रिफ्लेक्टरला नसतात, हेही खरं!

सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात त्या विहारातल्या साधू-साध्वींच्या बातम्या. पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालताना मागून गाडी येते. ईर्यासमिती काय सांगते? सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चाला. पुढच्या गावाचा कार्यक्रम ठरलेला, मांडव सजलेला, म्हणून आपण श्रावकच लवकर निघायची विनंती करतो. कार्यक्रम दोन तास उशिरा ठेवला तर काय बिघडतं? सोबत चालणाऱ्या मुलांना चमकणारी जाकिटं द्यायला किती खर्च येतो? बँडच्या बिलापेक्षा नक्कीच कमी.

आमच्या घरात आता एवढं बदललंय की, दुपारनंतर परतायचं असलं तर गाडीत डबा असतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गाळलेलं पाणी. पाचच्या सुमारास सावली बघून रस्त्यापासून आत गाडी लावायची, जेवायचं, मग सावकाश निघायचं. डबा विसरलाच तर त्या रात्री जेवण नाही.

हे सासूबाईंना सांगताना मी जरा घाबरतच होते. वयाच्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं? त्या दशमीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "अगं, मी कधी म्हटलं होतं गाडी पळवा म्हणून? तूच म्हणत होतीस."