अकरावीत थांबणारा रियाज

दहावीचा निकाल लागतो, अभिनंदनाचे पेढे वाटले जातात आणि घरातील तानपुऱ्यावर गवसणी चढते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराघरांत दर वर्षी जून महिन्यात हे दृश्य दिसते. सहा-सात वर्षे निष्ठेने गाणे शिकलेली मुलगी अकरावीच्या शिकवणी वर्गात दाखल होते आणि ‘बारावी झाली की पुन्हा सुरू करू’ असे आश्वासन तिला दिले जाते. हे आश्वासन क्वचितच पाळले जाते.

शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली अमलात आणला. हेतू स्तुत्यच होता. परंतु गुणांसाठी धरलेली कला गुण हाती पडताच सुटते, हा अनुभव अनेक संगीतशिक्षक सांगतात. वास्तविक पंधरा ते अठरा हे वय संगीतसाधनेत अत्यंत मोलाचे. मुलांचा आवाज फुटून नव्याने स्थिरावतो तो याच सुमारास. तबल्यावरील हात तयार होतो तोही याच काळात. गांधर्व परंपरेतील ‘मध्यमा’ ओलांडून ‘विशारद’कडे जाण्याची वेळही बहुधा हीच. नेमक्या याच वळणावर दोन वर्षांचा खंड पडला, तर आधीची तपश्चर्या वाया जाते.

संगीत हा विषय बारावीच्या अभ्यासक्रमात नाही, असे नाही. राज्य मंडळाच्या विषयांच्या यादीत शास्त्रीय गायन आहे, वाद्यसंगीत आहे. केंद्रीय मंडळाच्या हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षेत तर ७० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. उणीव आहे ती हा विषय शिकविणाऱ्या महाविद्यालयांची आणि तो निवडू देणाऱ्या पालकांची. इंग्लंडमधील विद्यार्थी विद्यापीठापूर्वीच्या दोन वर्षांत गणित आणि पदार्थविज्ञानाच्या जोडीला संगीत हा पूर्ण विषय म्हणून घेऊ शकतो. सामवेदाचा वारसा सांगणाऱ्या समाजात मात्र विज्ञान शाखेचा विद्यार्थी आणि संगीत यांचे जणू वैर मानले जाते.

हे वैर निराधार आहे. स्वरयोगिनी डॉ. प्रभा अत्रे विज्ञानाच्या व कायद्याच्याही पदवीधर होत्या. पं. विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते संस्थानिकांच्या आश्रयावर विसंबून न राहता समाजाच्या बळावर. संगीताला दरबारातून आणि माडीवरून काढून सामान्य हिंदू कुटुंबाच्या देवघरापर्यंत आणण्याचे श्रेय या ऋषितुल्य पुरुषाकडे जाते. त्यांनी उघडलेले दार शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकापायी बंद व्हावे, यासारखे दुर्दैव नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने कला व विज्ञान, अभ्यास व अभ्यासेतर यांमधील ताठर भिंती दूर करण्याचा संकल्प केला आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा आणि चौसष्ट कलांचा दाखलाही त्यात आहे. तथापि धोरण कागदावरून वर्गात उतरते ते समाजाच्या आग्रहामुळेच. राष्ट्रीय विचारांच्या शिक्षणसंस्थांनी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत संगीत विषय सुरू करून तो सर्व शाखांना खुला करण्यासाठी पुढाकार घ्यावा. गावोगावचे ‘विशारद’ व ‘अलंकार’ झालेले शिक्षक या कामी साहाय्य करू शकतील. रागांवर आधारलेल्या रचना वाजविणाऱ्या घोषवादकांना स्वरसाधनेचे मोल निराळे सांगायला नको.

पालकांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. पहाटेचा अर्धा तास मुलांच्या रियाजासाठी राखून ठेवावा. प्रवेशपरीक्षेच्या तयारीतून तेवढा वेळ गेल्याने कोणाचे भवितव्य बुडत नाही; उलट एकाग्रतेची सवय अभ्यासालाच उपकारक ठरते. अभियंते आणि डॉक्टर देशाला हवेतच. त्यांच्या घरी तानपुरा जुळलेला असेल, तर पुढच्या पिढीच्या कानावर षड्ज आपोआप पडेल. संस्कृतीचे संक्रमण याच मार्गाने होत आले आहे. येत्या जूनमध्ये गवसणी चढवण्यापूर्वी प्रत्येक घराने एवढा विचार अवश्य करावा.