उमेदवारी हवी, सहीशिक्का नको

गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत एक तरुण आला. मुलगा मोठा विनयशील. देवळाली प्रवरा येथील एका ऊस बागायतदाराचा, पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा. त्याच्या हातात महाविद्यालयाचा छापील नमुना होता व त्यावर त्यास आमची सही आणि शिक्का पाहिजे होता. त्याने आमच्याकडे इतके तास काम केले असे आम्ही लिहून द्यावे, एवढीच त्याची विनंती. "काम केव्हा केलेस?" असे विचारताच तो ओशाळला व म्हणाला, "वकीलसाहेब, बाकीच्या मुलांनी दुकानांतून असेच शिक्के आणले आहेत." आम्ही म्हटले, "उद्यापासून ये, काम कर, आणि सही घेऊन जा." तो पुन्हा आला नाही. दुसरीकडे कोठे तरी त्याचे काम झाले असेल. परंतु हा दोष एकट्या त्या मुलाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याने शिक्का उठविला तो गृहस्थ, आणि ज्यांनी तो कागद न तपासता दप्तरी दाखल केला ते गुरुजन, हे दोघेही या दोषाचे वाटेकरी आहेत.

मूळ योजना वाईट नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्र सरकारने २०२३ साली निर्णय काढले व पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारीला, स्थान दिले. पदव्युत्तर वर्गास तिचे ४ श्रेयांक ठेविले आहेत. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकास ३० तास धरण्याची रीत आहे. म्हणजे एकूण १२० तास झाले. दररोज आठ तास धरले तर हे काम अवघ्या पंधरा दिवसांचे! पंधरा दिवसांत कोणताही धंदा हाती येत नाही, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको. तथापि हे पंधरा दिवस खरेखुरे भरले तर आपणांस काय येत नाही एवढे तरी मुलास कळेल, व ते कळणे ही विद्येची पहिली पायरी होय. तेवढेही जर शिक्क्यावर उरकावयाचे, तर जो धडा धंद्याचा म्हणून योजिला तो खोट्या साक्षीचा धडा ठरतो.

इतर विद्यांची रीत पाहा. वैद्यकीचा विद्यार्थी परीक्षा उतरला तरी एक वर्ष रुग्णालयात राबल्यावाचून त्यास वैद्य म्हणत नाहीत. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारास पूर्वी तीन वर्षे, व २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षे, मुरलेल्या लेखापालाच्या हाताखाली वह्या तपासाव्या लागतात. आमच्याच राहुरी तालुक्यात १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांस शेवटच्या वर्षात खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या संगतीने काम करावे लागते. ही मुले बांधावर उभी राहून माती परीक्षणाचे नमुने कसे घ्यावे हे शेतकऱ्यास सांगतात, आणि पाटाचे पाणी रात्री दोन वाजता सुटले म्हणजे काय करावे लागते हे शेतकऱ्यापासून शिकतात. मग कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या मुलांनीच तेवढी कोरड्यावर पोहण्याची पदवी का घ्यावी?

आमच्या स्वतःच्या वकिली धंद्याचा दाखला याहून बोलका आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टात सनदेपूर्वी शिक्षणाची व परीक्षेची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. पुढे १९९५ साली बार कौन्सिलने नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणिली. परंतु असा नियम करण्याचा अधिकार कौन्सिलास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरविले व ती उमेदवारी रद्द झाली. २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष कामाचे ठेविले आहेत. या उलाढालींत ज्यांची सनद झाली, त्यांतलेच आम्ही एक. पदवी हाती होती. पण दाव्यास कोर्ट फी किती लावावी व कैफियत कोणत्या मुदतीत द्यावी हे आम्हांस एका वृद्ध कारकुनाने शिकविले. तोवर आमच्या अज्ञानाचा खर्च पक्षकारांनी सोसला. कोणी तरी तो सोसावाच लागतो, हा यातला मुद्दा आहे. मुलगा शिकत असता तो सोसला तर थोडक्यात भागते. पदवीनंतर सोसावा लागला तर मुलाची उमेदीची वर्षे जातात.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी विद्वान म्हणतील, विद्यापीठ हे ज्ञानाचे स्थान. त्यास दुकानदारांचे कारकून घडविण्याच्या कामी का जुंपता? इंग्रजी अमदानीतील शिक्षणाने कारकून निपजविले म्हणून आपणच ओरडत होतो ना? आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड दिसतो. पण कारकून निपजले ते कामाचा स्पर्श झाला म्हणून नव्हे, कामाचा विटाळ मानला म्हणून. ज्या महात्मा फुल्यांचे नाव राहुरीच्या विद्यापीठास दिले आहे, त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचनलेखनाबरोबर हिशेब व शेतीचे ज्ञानही मागितले होते. ज्ञान आणि हात यांचे वैर त्यांस मान्य नव्हते. लोणीस १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेही विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासारखा शेतकरी व धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ एका ठिकाणी बसले म्हणून. अर्थशास्त्र त्यामुळे बाटले नाही. ऊस मात्र साखर झाला.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूचा आहे व तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो. उमेदवारीच्या नावाखाली फुकटचे मजूर मिळतील, हे भय खोटे नाही. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी उमेदवारांनी वर्षानुवर्षे लेखणी झिजविल्याच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी ऐकिल्या आहेत. ज्याच्या घरी खावयास आहे तोच फुकट राबू शकतो. ज्याची आई रोजाने निंदणीस जाते त्या मुलाने काय करावे? म्हणून काम खरे असेल तर त्यास मोबदलाही खरा असला पाहिजे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली जी पद्धत घातली, तीत विद्यार्थी एक आठवडा वर्गात व एक आठवडा कारखान्यात असे, आणि कारखान्यातील कामाचे त्यास वेतन मिळे. इतके दूर जावयासही नको. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा व शिका' ही शिकवण महाराष्ट्रास पाठ आहे. आमच्या सरकारनेही २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. पण ते शिक्षण पुरे झाल्यावर. जे औषध आजारानंतर देता, ते आधी का देत नाही?

आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली विद्यापीठास: शिक्क्यावर गुण देऊ नका. मुलास समोर बसवून रोजमेळ मांडावयास सांगा, अर्ज लिहावयास सांगा. काम केले असेल तर हात बोलेल. दुसरी महाविद्यालयास: मुलांस नमुना देऊन रस्त्यावर सोडू नका. नगरपरिषद, सेवा सोसायट्या, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे, दूध संकलन केंद्रे, अडत दुकाने, वकील व कर सल्लागार यांची यादी करा, आणि प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा तरी तेथे पाऊल टाकावे. गावातच भरवशाची जागा मिळाली म्हणजे मुलींस बाहेरगावी कसे पाठवावे ही सबबही पालकांस उरणार नाही. आणि ज्या मुलीने एकदा पतसंस्थेचा ताळेबंद स्वतः जुळविला, तिला पुढे पुण्यास जाण्यापासून कोणी अडवू म्हटले तरी ती अडणार नाही.

तिसरी सूचना आमच्या व्यापारी बंधूंस, व ती थोडी कडू लागेल. हल्लीच्या पदवीधरास साधे पत्र लिहिता येत नाही, असे आपणच दुकानाच्या ओट्यावर बसून म्हणता. आणि न केलेल्या कामाचा शिक्का आपणच उठविता! नात्यागोत्याच्या भिडेने दिलेली ती सही त्या मुलावर उपकार नव्हे. दोन वर्षांनी तोच मुलगा नोकरी मागावयास आला म्हणजे आपण त्यास "अनुभव काय?" म्हणून विचारणार, आणि आपलाच शिक्का आपणांस खरा वाटणार नाही. गल्ल्याची किल्ली देऊ नका. पण मालाची आवक लिहावयास, वस्तू व सेवा कराच्या विवरणासाठी बिले लावावयास, उधारीचा तगादा करावयास तर बसवाल? चहापाणी व येण्याजाण्याचा खर्च तरी द्याल?

येत्या सत्रात आमच्या कचेरीत दोन विद्यार्थी घेण्याचे आम्ही ठरविले आहे. त्यांस मोबदला मिळेल, चुकले तर बोलणीही मिळतील, आणि काम केल्याखेरीज सही मिळणार नाही. गेल्या महिन्यात परत गेलेल्या त्या मुलाने हे वाचले असेल, तर पहिली जागा त्याचीच आहे. देवळाली प्रवऱ्यातील प्रत्येक पेढीने एकेकच विद्यार्थी घ्यावा व बाकीच्यांस खोटा शिक्का नाकारावा, इतकीच आमची विनंती आहे.